ओलीचं कारण

चर्चची किल्ली पारास्किवाबाईंच्या खिशात,
अक्रोडांबरोबर.
दार उघडतानाच त्यांनी बजावलं,
छप्पर गळत नाही हं. परवाच नव्या फळ्या ठोकल्यात.
मग ही ओल कुठून?

मी क्लुजहून आले होते, मारामुरेशच्या डोंगरात,
ओल मोजायचं यंत्र, कापूस, डिंक, बारीक ब्रश घेऊन.
आत शिरताच लाकडी भिंतीवर शेवटचा निवाडा.
कुणा जुन्या रंगाऱ्यानं हात न आखडता रंगवलेला:
मापात मारणारा गिरणीवाला, गळ्यात जात्याची तळी;
शेजाऱ्याचा बांध कोरणारा, पाठीवर नांगर;
आणि वरपासून खालपर्यंत लालभडक
आगीची नदी, तिच्यात माणसं, गळ्याइतकी.
नेमका तिथंच रंग फुगलेला, पोपडे सुटलेले,
जमिनीपासून दोन हातांवर.
दोनच हात का, हे मला तेव्हा सुचलं नाही.

गावात या भिंतीवरून दोन तट.
शाळेतल्या बाई म्हणतात, पडदा लावा,
पोरं झोपेत दचकतात.
पाद्री म्हणतात, आम्ही नाही का पाहिलं लहानपणी?
काय झालं आम्हाला?
(म्हणताना त्यांची डावी पापणी फडफडत होती.)

पारास्किवाबाईंचा धाकटा, गाव्रिला. सहा वर्षांचा.
मेंढी कापायची तर त्याला आधी मावशीकडे धाडतात.
गोष्टीत लांडगा आला की दोन्ही कान गच्च झाकतो
आणि तसाच, कान झाकून, विचारतो:
पुढे?

तिसऱ्या दिवशी मी मचाणावर होते,
ढगातल्या संतांच्या पावलांशी.
दार किरकिरलं.
हातात पत्र्याचा पेला, काठोकाठ.
जीभ दातात धरून, थेंब न सांडता
तो चालत आला नदीपाशी.
एक डोळा मिटलेला, सैतानाच्या बाजूचा.
आणि ओतलं. हळूच.
काठावरच्या तिसऱ्या माणसाच्या डोक्यावर.
मग हाताची उलटी बाजू तिथं टेकवून पाहिली,
ताप उतरला का बघावा तशी.

मी खोकलेसुद्धा नाही.

रात्री अहवाल लिहायला बसले.
पडदा लावा, असं लिहावं
तर पडद्यामागे ती माणसं जळत राहणार,
आणि आता ते त्याला ठाऊक आहे.
लावू नका, असं लिहावं
तर पारास्किवाबाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं
मी रोज सकाळी बघते आहे.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं,
तुझ्या ब्रशानं नदी जरा अरुंद होईल का?
नाही रे. जे गेलंय तेवढंच मला भरता येतं.
बराच वेळ तो पोपड्यांकडे बघत राहिला.
मग त्या तिसऱ्याचं डोकं भरू नकोस.
आता तिथं दुखत नसेल.

नाण्याएवढी जागा कोरी सोडली आहे.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: छप्पर.
पारास्किवाबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.