पायऱ्यांवरचं वाक्य

वाल्पाराइसोत रस्ते चढता चढता दमतात
आणि त्यांच्या पायऱ्या होतात.
माझ्या वाटेच्या दोनशे बारा.
गॅस पंधरा किलो, लोखंडाचं वजन वेगळं,
खांद्यावर पोत्याची घडी, घडीवर सिलिंडर,
आणि कुणाचाच नसलेला एक पिवळा कुत्रा
माझ्याआधी पोचून, वर बसून, मला जोखणारा.

शेवटचं दार दोन्या एर्मेलिंदाचं.
वय एकोणऐंशी. एके काळी नाच शिकवायची.
सिलिंडर जमिनीला टेकायच्या आत म्हणते,
"नोल्बेर्तो, बंदरावर आज काय घडलं?
एका वाक्यात सांग. मधे थांबायचं नाही."

पहिल्या वर्षी माझं वाक्य तीन ठिकाणी फाटायचं.
दंड तेव्हा तटतटून फुगलेले,
बाहीतून बेडकुळी डोकवायची.
ती बघून म्हणाली,
"घर छान बांधलंयस रे. आत कुणी राहतं का?"

ते लागलं.

तालीम मासळीच्या जुन्या गोदामात.
तिथलं लोखंड खारं,
तळहाताला गंज आणि मीठ एकदमच लागतं.
वजन झटक्यात उचलायचं नाही,
आणि खाली आणायचं तर झोपलेलं पोर
पाळण्यात ठेवावं तसं.
मग दोरीवरच्या उड्या. गुरुवारी अनवाणी, ओल्या वाळूत धाव,
समुद्रसिंह खडकांवर आडवे पडून हसतात,
त्यांना कुणी वाक्य विचारत नाही.
रविवारी फुटबॉल. डावीकडचा बचाव माझा,
आणि चेंडू टेकडीवरून घरंगळला
तर तो आणायला जायचं कामही माझंच.

खाणं: डब्यातला हुरेल मासा, घेवडा, उकडलेली अंडी,
पगाराच्या आठवड्यात गोमांसाचा एक तुकडा.
झोप नऊ तास. बायको म्हणते, हा खरा तुझा धंदा.

सुईची गोष्ट निघायची. निघणारच.
वाल्देमारचा चुलतभाऊ हळूच म्हणाला,
"तीन महिने घे. आरशात मावणार नाहीस."
मी म्हटलं, आरसा मोठा आणता येईल,
जिना कोण रुंद करणार?
सगळे हसले. वाल्देमार हसला नाही.

किल्योताची स्पर्धा. तपासणी वगैरे काही नाही.
अंगाला तपकिरी रंग, वर तेल, दिव्यांची धग.
आम्ही सात जण, मी सहावा.
परीक्षक म्हणाला, रेषा स्वच्छ आहेत, पण तू छोटा आहेस.
खरं होतं ते. रात्रभर खरंच वाटत राहिलं.

पण निकालाआधी, पडद्यामागे,
वाल्देमार बाकावर बसला होता,
डोंगरासारखा, डोंगराइतकाच हलत.
बुटाची नाडी सुटलेली.
तो वाकला. अर्ध्यात अडकला. श्वास घेतला. पुन्हा वाकला.
भोवती सगळे आरशात.
मी गुडघ्यावर बसून गाठ मारली,
दुहेरी, पोरांच्या बुटाला मारतात तशी.
वरून त्याचा श्वास ऐकू येत होता.
तो काही बोलला नाही, मीही नाही.
पाच मिनिटांनी तो पहिला आला
आणि मी टाळ्या वाजवल्या,
खोट्या नव्हत्या.

आता माझं वय एक्कावन्न.
वाल्देमार कधी कधी गोदामात येतो, निम्मा झालाय,
दोरीवर उड्या शिकतो. सव्वीसला पाय अडकतो,
शिव्या घालतो, पुन्हा एकपासून.

दोन्या एर्मेलिंदाला आता नीट ऐकू येत नाही,
म्हणून ती माझ्या ओठांकडे बघते.
काल म्हणाली, "सांग."
मी खांद्यावरचं ओझं न उतरवताच म्हणालो,
"दक्षिणेचा वारा सुटलाय म्हणून एकही होडी गेली नाही,
आणि मासळीवाले भिंतीला टेकून पत्ते खेळताहेत."

ती थोडा वेळ गप्प होती.
मग बोट वर करून म्हणाली,
"मधे एक स्वल्पविराम पडला."

कुत्रा उठला, खाली निघाला.
पडला खरा.
उद्या बघू.