कावळा शिवताना

खेरवाडीत माझं दुकान, म्हणजे जिन्याखालची जागा.
एक मशीन, एक पंखा, जवळ कोर्ट,
म्हणून वकिलांचे काळे गाऊन जास्त.
पितृपक्ष सरला त्या आठवड्यात तो आला,
उंच, घामानं भिजलेला, खांद्याला पोराचं दप्तर,
हातात बायकोचा सैन्यातला सदरा.
छातीवरची नावाची पट्टी उसवली होती.
मी घाईत होळकर वाचलं.
होलकम, तो म्हणाला. मराठीतच म्हणाला,
पुस्तकातून शिकलेल्या, इस्त्री केलेल्या मराठीत:
मी आपला आभारी होईन.

बायको अमेरिकेच्या सैन्यात, नेमणूक इथल्या वकिलातीत,
सध्या दोन महिने जिबूतीला.
कुठे आलं ते?
समुद्र ओलांडला की. अडीच तास मागे.
त्याची आई ओहायोत, साडेनऊ तास मागे.
घरात तीन घड्याळं,
आणि पोराचा डबा मात्र सातलाच भरायचा.

ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.
आमच्याकडे आता झाडं पेटतात, म्हणाला,
फोनवर एक लालपिवळी टेकडी दाखवली.
आमच्याकडे माणसं, मी म्हटलं.

भोपळ्याची गोष्ट त्यानंच सांगितली.
अख्खा लाल भोपळा मागितला,
तर भाजीवाल्यानं हाताच्या सवयीनं सुरी घातली.
दुसरा नीट घरी नेला, डोळे कोरले, आत दिवा ठेवला.
तिसऱ्या दिवशी तोंड आत बसलं, मुंग्या लागल्या.
पोरगा म्हणाला, आजोबांसारखा दिसतो, राहू दे.

मग पोरालाच घेऊन आला.
वेस्ली. सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले.
एकतीस तारखेला त्यांच्यात पोरं सोंगं घेतात,
कुणी भूत, कुणी सांगाडा. याला कावळा व्हायचंय.
कावळाच का रे?
समोरच्या गच्चीवर त्यानं पंधरवडाभर पाहिलेलं:
माणसं पान मांडतात, मागे सरतात,
काव काव करून पाहुण्याला बोलावतात
आणि तो येईपर्यंत स्वतः जेवत नाहीत.

मी टाचण्या ओठांत धरल्या.
टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही.

कावळा शिवतो. आपण कुठे कावळा शिवतो?
ह्यांच्या दहाव्याला दीड तास शिवला नव्हता.
दीर म्हणाले, पोरीचं शिक्षण करू. नाही.
जमिनीचं बोलले. नाही.
मग मीच पुढे होऊन म्हटलं, मशीन विकणार नाही.
लगेच उतरला.
हवालदार होते. सहा हिवाळे बर्फात काढले
आणि गेले इथे, साध्या तापानं.

हे त्या पोराला काय सांगणार. माप घेतलं.
गाऊनच्या चिंध्यांचे पंख काढले,
पिसापिसाला कुणाची तरी पुढची तारीख.
बापानं त्यांच्या गावचा कावळा दाखवला, नखशिखांत काळा.
पोरगा अडून बसला.
तो नको. आपला. मान राखाडी.
आपला, हा शब्द त्याचा पुस्तकातला नव्हता,
खाली खेळताना उचललेला.

राखाडी कापड दुकानात नव्हतं.
घरी ट्रंकेत होता ह्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर,
डांबरगोळ्यांच्या वासाचा.
रात्री गळा कापताना कात्री थांबली.
एकदाच.

तीस तारखेला आले. बापानं फोन उंच धरला.
पडद्यावर ती, केस घट्ट बांधलेले, मागे पांढरी भिंत,
चित्र मधेच गोठायचं, मधेच तिला पापणी लवायची.
पोरगा पंख पसरून गरकन फिरला,
जागा दोन पावलांची, बटणांचा डबा पाडला,
आणि वळता वळता पंख माझ्या हाताला लागला.

शिवला, मी म्हणाले.

काय म्हणाल्या त्या, पडद्यातून तिनं विचारलं.
बापाला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक.
शिवून झाला म्हणतात, त्यानं सांगितलं,
फार सुंदर शिवलाय.

मी खाली बसून बटणं वेचत होते.
पट्टीचे चाळीस. पंखांचे तीनशे.
मानेचे लावले नाहीत.