काय दिवे लावले

फेब्रुवारी. न्यूफाउंडलंडचा दक्षिण किनारा.
खाडीभोवती एकतीस घरं, त्यांतली बावीस राहती.
चर्चच्या तळघरातून आम्ही दोघं निघालो :
मी, एनिड कीपिंग, शाळेची बस चालवून निवृत्त,
आणि वॉलेस स्नूक,
ज्याला शिडीवर चढता येतं
पण लोकांशी बोलता येत नाही.
घसरगाडीवर खोकी, खोक्यांत एलईडी.

"साठ वॅटचं काम नऊ वॅटमध्ये,"
मी दारोदार सांगायची.
वाक्यं तोंडात बसली होती, बसच्या थांब्यांसारखी.
वॉलेस जुना बल्ब फिरवून काढायचा,
कानाशी हलवायचा, तार तुटली आहे का ऐकायला,
आणि तुटलेली असो नसो,
वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचा.

मेलिता पिनच्या स्वयंपाकघरात पांढरा उजेड पडला.
ती आरशात बघून म्हणाली,
"बर्फावर ठेवलेल्या कॉडसारखी दिसते मी."
मग पिवळसर लावला. तोही पटेना.
वॉलेस तिसऱ्यांदा शिडी चढला
तेव्हा कुठे चहा आला,
आणि काकवी घातलेला पाव.

ऑगस्टस हाइन्सने अकरा बदलू दिले.
बारावा नाही.
तो विहिरीवरच्या खोपटात होता, पंपाच्या कुशीत,
शंभर वॅटचा, दिवसरात्र चालू.
मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं :
नव्वद टक्के वीज उष्णतेत वाया जाते, ऑगस्टस.
"तीच तर हवी आहे," तो म्हणाला.
"वाया जातो तो उजेड.
पाइप काही वाचत बसत नाही."

फॉर्मवर रकाना सातवा : न बदलल्याचं कारण.
बोटं गारठली होती, पेन अडत होतं.
मी लिहिलं, "पाइपाला थंडी वाजते."

पायवाट संपते तिथे एझ्रा डॉलिमंटचं घर.
सहा खोल्या, बल्ब एक.
जेवताना स्वयंपाकघरात,
झोपायच्या वेळी
लोकरीचा हातमोजा घालून
तो गरम बल्ब काढायचा
आणि बरोबर न्यायचा वर,
भिंत चाचपत, अंधारात, बारा पायऱ्या.

आणि आम्ही आलो होतो
काटकसर शिकवायला.
माझी सगळी वाक्यं थांब्यावरच राहिली.
जो बोलत नाही, तो वॉलेस म्हणाला,
"सहाच्या सहा लावतो, एझ्रा."
एका खोलीत खुर्चीच्या पाठीवर
मासेमारीचं जाळं होतं, अर्धं विणलेलं,
सुई तशीच गाठीत अडकलेली.
दिवा लागला तसा एझ्रा दारात थांबला.
आत गेला नाही.
बाहेरही गेला नाही.

आठवड्याने, रात्री दोनला
झोप येईना म्हणून मी खिडकीशी आले
तर खाडीपलीकडे सहा खिडक्या.
सगळ्या. पेटत्या.
बोटांवर हिशेब केला : नऊ सक चोपन्न.
त्याच्या एका जुन्या बल्बला साठ लागायचे.
पण तो जुना नवाच्या ठोक्याला विझायचा,
आणि हे पहाटेपर्यंत,
म्हणजे आमचा तक्ता बिघडलाच.

शहरातल्या समितीचं पत्र आलंय.
किती युनिट वाचले ते विचारतात,
म्हणजे आम्ही इथं काय दिवे लावले ते.
एकवीस घरांचे आकडे मी लिहून टाकले.
बाविसाव्या ओळीपाशी
चहा दोनदा निवला.

काल वॉलेस आला, शिडी परत द्यायला.
जाता जाता, दाराशी, बुटाकडे बघत म्हणाला :
रात्री होडी आत घेताना
मी हल्ली एझ्राचं घर धरून वळतो.