चवीपुरतं

मस्कतपासून तासाभरावर, बरकाला,
आमचा कारखाना समुद्र आत घेतो
आणि त्याचं मीठ काढून ठेवतो.
मी तिथं हिशेबात. पंप, पडदे, ओव्हरटाइम.
पाच वाजता फाइल मिटते
आणि पिशवीतून कादंबरी निघते,
कुणाच्या तरी तीस किलोंतून आलेली,
मेतकुटाचा वास लागलेली,
पान सत्त्याऐंशीवर लोणच्याच्या तेलाचा
एक पारदर्शक बेट.

वर्षाला चार पुस्तकं, चार परीक्षणं.
साताऱ्याचं एक त्रैमासिक छापतं.
मानधन म्हणून अंक देतात,
आणि अंक यायला पुन्हा
कुणाचे तरी किलो लागतात.

मार्चमध्ये आली सुमित्रा कोंडविलकरांची कादंबरी.
आखातातल्या नवऱ्याची गोष्ट. पानोपानी उंट.
मी लिहिलं : लेखिकेने वाळवंट
बहुधा कॅलेंडरावर पाहिले असावे.
सहा वर्षांत मला एकच उंट दिसला,
पिकअपच्या हौद्यात गुडघे मुडपून बसलेला,
सिग्नलला माझ्याकडे बघत
समीक्षकासारखा रवंथ करणारा.
शेवटची उपमा संपादकांनी काढली.
बाकीचं मीठ तसंच ठेवलं.

माझीही गोष्ट तेव्हा चालू होती.
आजऱ्यातली गल्ली, पिठाची गिरणी,
पट्ट्याचा ठेका, सांध्यापाशी दर फेरीला अडखळणारा,
पांढऱ्या भुवयांचा दत्तोबा.
भावाला फोन केला, एवढंच विचारायला
की पट्टा निसटला की दत्तोबा काय म्हणायचा.
"कुठली गिरणी, अक्का?
बंद पडून अकरा वर्षं झाली की.
मोबाइल दुरुस्ती आहे तिथं. त्याचाच नातू बसतोय."

वही उघडून बघितली.
अठरा पानं.
पानोपानी पीठ.

प्रयोगशाळेतला युसुफ अल-फारसी
कधीमधी पेला पुढे करतो. घे, बघ.
सगळंच मीठ गेलेलं पाणी
घशाखाली उतरलेलं कळत नाही,
जीभ मागे वळून बघते, काही होतं का?
म्हणून शेवटच्या टाकीआधी
ते चुनखडीवरून नेतात,
दगडाचं थोडं काही परत देतात त्याला.
किती, असं मी विचारलं.
त्यानं चिमूट करून दाखवली, आईसारखी,
आणि मग आकडाही सांगितला.

कोंडविलकरबाईंना पत्र लिहायला बसले.
स.न.वि.वि.
इथवर आलंय. खाली तारीख तीनदा बदलली.

गोष्टीतली गिरणी मी बंद केली नाही.
फक्त सोळाव्या पानावर
उंबऱ्यात एक पोरगा उभा केलाय,
हातात कुणाचा तरी काच तडकलेला फोन.
आत यायचं की नाही त्याला ठरवता येत नाही.
दत्तोबा त्याला ओळखत नाही.
म्हणतो, दळण ठेव तिकडं, नंबर लागंल.