खो

फक्की मी मारतो.
सत्तावीस वर्षं झाली, हायस्कूलचा शिपाई.
आठ चौक, दोन खांब, मधली पट्टी;
दोरी ताणून, वाकून, एकट्यानं.
सरळ रेघ मला कुणी शिकवायला नको.

पण त्या उन्हाळ्यात गावातच एक पडली.
कुणाच्या तरी मोबाइलवर कसलंसं स्टेटस,
रात्री दगड, सकाळी चावडीपुढं पोलिसांची गाडी.
तांबोळ्याच्या दुकानी वरच्या आळीचं कुणी जाईना.
बेदाण्याच्या शेडवर बायका
दोन टोळ्या करून बसू लागल्या, एकाच ताडपत्रीवर.
येरळा कोरडी ठाक,
तरी अल्याड-पल्याड झालंच.

शाळा भरली. पोरी मैदानावर आल्या, नऊ.
गोंधळे बाई म्हणाल्या, बसा.
एकीचं तोंड उगवतीला, शेजारणीचं मावळतीला,
खेळच तसला.
मी घमेलं धरून उभा. म्हटलं,
घ्या, गावाला आयतीच सोय झाली.

दोन महिने तनुजानं शिरीनला खो दिला नाही.
तिचा चौक ओलांडून पुढच्या पोरीपाशी जायची,
गडी तोवर निसटलेला.
बाई काही बोलल्या नाहीत.
शिट्टी तेवढी जरा लांब वाजायची.

तासगाव, तालुक्याची फायनल.
शेवटचा डाव, एक गडी बाकी, अर्धं मिनिट.
धावणारी पोरगी पट्टीतून पलीकडं सटकली.
आता नियम असाय की
पाठलाग करणारीला पट्टी ओलांडता येत नाही.
पलीकडं जायचं
तर पलीकडं तोंड असलेलीच लागते,
आणि खो तिलाच देता येतो
जिची पाठ आपल्याकडं.

तनुजाच्या पुढ्यात शिरीनची पाठ.
घामानं भिजलेली, सात नंबर.

खो!

शेवटच्या बाकावर मला ऐकू आला.
शिरीन उठली ती सूर मारूनच,
गुडघ्याचं साल निघालं,
बोटभर राहिलं.
हरलो.

येताना टेम्पोत तनुजा
बाटलीतलं पाणी तिच्या गुडघ्यावर ओतत होती,
आणि दोघी पंचाला शिव्या देत होत्या, एका सुरात.

गावात काही मिटलं नाही. केस चालू आहे.
फक्त परवा तनुजाचा बाप तांबोळ्याच्या दारात
गाडी बंद न करता थांबला,
विचारलं, पोरीचा गुडघा कसाय?
आणि गेला. काही घेतलं नाही.

आमच्याकडं खो घालणं म्हणजे
चालतं काम मोडणं. जन्मभर तेच बघितलं.
खो देणं हा वेगळा शब्द आहे
हे फक्की मारणाऱ्याला इतक्या उशिरा कळावं!

पावणेसातला पोरी येतात.
पहिल्याच डावात माझी रेघ पायानं पुसून टाकतात.
मी ओरडतो.
रोजचं आहे ते, ओरडायचं.