आवाज येईनालाय

रात्री साडेअकराला त्यानं विचारलं,
अपडेट करू का?
मी झोपेतच हो म्हणाले.
सकाळी उघडला तर स्वच्छ, नवाकोरा,
खिडक्यांचे कोपरे गोल झालेले,
आणि मुका.

दुसरीतल्या एकतीस लेकरांचं वाचन त्यात आहे,
प्रत्येकी एक मिनिट.
उद्या दुपारपर्यंत केंद्रप्रमुखांना तक्ता द्यायचा:
ओघानं, सावकाश, अडखळत, की वाचताच येत नाही.
पहिली फाईल लावली. समीक्षा बोईनवाड.
हिरवी पट्टी खालीवर उड्या मारायला लागली,
म्हणजे ती वाचतीय. आतल्या आत.
खोलीत नुसता पंखा.

मग सगळे करतात ते केलं.
आवाज शंभरावर नेला, खाली आणला, परत नेला.
बंद करून चालू.
ड्रायव्हर काढला. काढताना त्यानं विचारलं, खात्री आहे?
मला कशाचीच नव्हती.
लातूरहून भाचा फोनवर म्हणाला,
मावशे, जुन्यावर परत जाता येतं,
पण दहा दिवसांच्या आतच.
मी म्हटलं, दहा दिवस देतात होय? लई झाले.
ह्यांनी त्याच्या पाठीवर दोन थापा दिल्या,
सासरे रेडिओला द्यायचे तशा.

बारा वाजता मुखेडला, बसस्टँडमागं, इलियासकडं.
काउंटरवर फुटक्या काचांचे मोबाईल,
पेढ्याच्या डब्यात बारीक स्क्रू.
"आवाज येईनालाय," मी म्हणाले.
त्यानं हेडफोनची पिन खुपसली,
नाडी बघणाऱ्यासारखे डोळे मिटले, हसला.
"बोल रहा ना मॅडम. कोई बच्ची है, बगळे का धडा पढ रही."
मग कुठल्याशा यादीत शिरला
जिथं मी कधी पाय ठेवला नव्हता.
"ये देखो. आवाज जारीच है.
तुमकू नै, दुसरेकू."

यादीत नाव होतं शाळेच्या टीव्हीचं.
लोकवर्गणीतून आणलेला, नारळ फोडलेला,
आता ऑफिसात कपाटावर खोक्यात आडवा,
वायर उंदरांनी खाल्लेली.
अपडेटनं कुठून ती जुनी ओळख उकरली कोण जाणे,
सकाळपासूनचं सगळं बोलणं
तिकडंच पाठवत बसला होता.

एक क्लिक,
आणि दुकानभर समीक्षा, खणखणीत.
चहाचे ग्लास गोळा करणारं पोरगं थबकलं.
"किती झाले?"
"रहने दो मॅडम, कुछ कियाच नै."

संध्याकाळी तीस ऐकून झाली.
एकतिसावी रविना आडे, तांड्यावरची.
पट्टी जवळजवळ सपाट.
हात आपोआप शंभराकडं गेला,
पिन तपासली, ती यादीसुद्धा उघडली.
सगळं जागच्या जागी.
मग कान देऊन ऐकलं:
बाकाची करकर. पत्र्यावर पारवे.
पान उलटल्याचा आवाज, एकदा.
चाळिसाव्या सेकंदाला मी,
"वाच की गं, का तोंड शिवलंय?"
माझा आवाज बाहेरून असा असतो,
माहीत नव्हतं.
नंतर एक श्वास. संपलं.

हीच पोर मधल्या सुट्टीत
हापशापाशी तीन बारकी बसवून
तिच्या बोलीत काहीतरी सांगत असते,
सुसाट, हातवारे करत,
कुणाकुणाच्या नकला काढत,
बारकी हसून हसून लोळतात.
मला त्यातलं फक्त 'याडी' कळतं.
सात वर्षं झाली मला या शाळेवर.

तक्त्यात रकाने चारच.
पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवली:
आणखी एक अपडेट तयार आहे. आता, की नंतर?
नंतर.
रविनापुढची जागा कोरी ठेवली
आणि तिचं मिनिट पुन्हा लावलं,
पंखा बंद करून.

पान दोनदा उलटलं होतं.