खलास

सूरच्या औद्योगिक वसाहतीत नऊ नंबरचं शटर,
बाहेर पाटी दारं-खिडक्यांची,
आत, पार मागे, एक जुनं लेथ.
शुक्रवारी ते माझं असतं.
मालक म्हणतो, वीज जपून जाळ,
बाकी काय करायचं ते कर.

झुवैनाबाई शुक्रवारीच आल्या.
नातवाने गाडीतून ओंडक्यासारखी फळी उतरवली.
"आजोबांची संबूक. बारा वर्षं खाडीत आडवी पडली होती.
आजीला वाडगा हवाय, खजुराला."
पोरगा हिंदी सिनेमांवरून शिकलेला,
त्यामुळे साधं वाक्यही
सूड घ्यायला आल्यासारखं.

साग. मी नख मारून पाहिलं.
आमच्याच किनाऱ्यावरून आला असणार,
कुठल्या रानातला, ते काही तो सांगत नाही.
मीही त्याच समुद्रावरून आलो,
फक्त तो आधी,
आणि बिनपासपोर्टचा.

मी सावंतवाडीचा, चिताऱ्याच्या घरातला.
बॅगेत लाखेच्या कांड्या आणल्या होत्या,
लाल, पिवळी, हिरवी.
मस्कतला कस्टमवाल्याने विचारलं, मिठाई?
मी म्हटलं, हो.

कातताना खिळा लागला, पटाशीची धार गेली.
खिळ्याभोवतीचं लाकूड काळंनिळं,
जुना मार असावा तसं.
वाडगा उतरला तरी काठाखाली भोक राहिलंच.
बाईंनी त्यात करंगळीचं टोक घालून पाहिलं
आणि मान हलवली: राहू दे.

मग तार. वरच्या खोलीतल्या मंगळुरी पोराची,
गिटारची, तुटलेली. दोन्ही टोकांना मुठी बांधल्या.
फिरत्या लाकडावर ती टेकवली
की आधी काहीच होत नाही.
मग एक चर्र,
धुराचा एक केस,
आणि काळी रेघ. हाताने कधी इतकी सरळ येत नाही.
वडील म्हणायचे, रंग चुकला तर खरवडता येतो,
जळलेलं जळलं.
ते स्वतः आयुष्यभर रंगच देत राहिले.

मशीन थांबवलं. तापल्या सुईने
रेघेखाली लाटा काढायला घेतल्या,
एक, दोन,
सुई भोकापाशी पोचली
आणि लाकडातून वास सुटला.

मोरी माशाचं तेल.
फळ्यांना चोपडायचे ते, पाणी आत शिरू नये म्हणून.
इतकी वर्षं ते खिळ्याला धरून बसलं होतं.

बाई भुशाच्या पोत्यावर बसल्या.
बसल्या म्हणजे गुडघ्यांनीच ठरवलं.
नातू मोबाइल बघत होता, त्याने तो खिशात टाकला.
मी सुई थांबवली नाही,
थांबलो असतो तर तिथे काळा डाग पडला असता.
तिसरी लाट.
चौथी वर चढायला लागली
तसा त्यांनी हात उचलला.
"खलास."

आधी वाटलं, खजुराचं नाव घेतायत,
इथे एका जातीला तेच म्हणतात, मधाच्या रंगाची असते.
मग वाटलं आपलं ते, आमच्याकडचं,
माणूस गेल्यावरचं.
नातू म्हणाला, "बस झालं म्हणतेय."

पण रंग राहिलाय, मी म्हटलं.
कांड्या फळकुटावर मांडलेल्या, लाल पुढे.
काठावर एक पट्टा, भोकात एक ठिपका,
मनात सगळं झालेलं होतं.
बाईंनी कांड्यांकडे पाहिलं,
पोर बोलावलेल्या लग्नाचं कौतुक सांगतं
तेव्हा आपण पाहतो, तसं. प्रेमाने. नको म्हणून.

घोटायला आमच्याकडे केवड्याचं पान लागतं.
खजुराचं वापरून पाहिलं होतं मागे,
ओरखडे काढतं.
त्यांनी वाडगा मांडीवर घेतला
आणि तळहातानेच पुसत राहिल्या,
अर्ध्या लाटेवर हात जरा अडायचा.

पैसे मी सांगितले त्याहून जास्त दिले.
परत देऊ लागलो तर नातवाने
सिनेमातल्यासारखं डोळे वटारले.

संध्याकाळी भुसा लोटला.
एक ढलपी बाजूला ठेवलीय, अजून वास येतो,
खोलीतले शिव्या देतात.
कांड्या डब्यात भरताना कळलं,
लाल कांडी वाकलीय,
तिच्यावर माझ्या चारही बोटांचे खळगे.
म्हणजे मी ती उचलली होती.
कधी, ते आठवत नाही.